गार्ड कुणी काढला?

प्रश्न : ताई, माझा धाकटा भाऊ २३ वर्षांचा आहे. आयटीआयला वेल्डर ट्रेड करून तो कागलजवळच्या एका फॅब्रिकेशन शॉपमध्ये लागला. पगार १६ हजार, फोनवर जमा होतो. दोन महिन्यांपूर्वी चौकोनी पाइप कापताना ग्राइंडर उसळला, चाक फुटलं. डाव्या हाताची तर्जनी दोन पेरं गेली, मधल्या बोटाची शीर तुटली. चार इंची मशीनला सात इंची चाक लावलं होतं; तिथं सगळे तसंच लावतात म्हणे. मालक आमच्या भावकीतलेच. पहिलं बिल त्यांनी भरलं. आता म्हणतात, गार्ड (चाकावरचं संरक्षक झाकण) पोरानंच काढला होता, चूक त्याची. ५० हजार देतो, ‘माझ्या निष्काळजीपणामुळे अपघात झाला, यापुढे माझी काही मागणी नाही’ अशी स्टॅम्पपेपरवर सही करा आणि एक तारखेपासून कामावर या. वडील म्हणतात, सही करून टाका, भावकीत वाकडं नको. भाऊ काहीच बोलत नाही. कुठं ग्राइंडर वाजला तरी दचकतो. तुटलेला तुकडा आम्ही बर्फात घालून नेला होता, तरी जोडता आला नाही. त्यात आमचं काही चुकलं का?
— एक बहीण, ता. कागल

उत्तर : सही करायची नाही. हे वडिलांना आज संध्याकाळीच सांगा, बाकीचं सावकाश बोलू.

त्या कागदात दोन वाक्यं आहेत. दुसरं वाक्य, ‘यापुढे माझी काही मागणी नाही’, ते फारसं टिकत नाही. भरपाईचा हक्क कामगाराला करार करून सोडता येत नाही, असं १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्यातच लिहिलंय. खरं नडतं ते पहिलं वाक्य. माझा अंदाज असा, की तुमच्या मालकांना किंवा त्यांच्या वकिलाला तेच वाक्य हवंय आणि ५० हजार त्याच्यासाठीच आहेत.

कारण त्या कायद्यात मालकाला सुटायला वाटा मोजक्याच ठेवल्यात. कामगार दारू किंवा नशेच्या अंमलाखाली असेल, सुरक्षेसाठी स्पष्ट दिलेली सूचना त्यानं मुद्दाम मोडली असेल, किंवा सुरक्षेचं साधन आहे हे ठाऊक असून ते जाणूनबुजून काढलं असेल, तर मालक भरपाई नाकारू शकतो. माणूस गेला किंवा कायमचा पूर्ण अपंग झाला, तर या वाटाही बंद होतात. तुमच्या भावाचं अपंगत्व अंशतः आहे, म्हणून तिसरी वाट मालकांना उघडी दिसते. तेव्हा ‘गार्ड कुणी काढला’ हा तुमच्या घरात दोन महिने घोळत असलेला प्रश्न नुसता मानापमानाचा नाही. सगळा पैसा त्याच्या उत्तरावर अडलाय.

आता त्या उत्तराकडे वळू. चार इंची ग्राइंडर, ज्याला शॉपमध्ये एजी-फोर म्हणतात, त्याचा गार्ड चार इंची चाकापुरताच असतो. त्यात सात इंची चाक बसतच नाही. गार्ड काढल्याशिवाय ते चाक चढवताच येत नाही, आणि ‘तिथं सगळे तसंच लावतात’ असं तुम्ही स्वतः लिहिलंय. म्हणजे सात इंची चाकं त्या मशीनसाठी ज्यानं आणून दिली, त्यानं गार्डचा निकाल त्याच दिवशी लावला होता. भावाला विचारा : तू कामाला लागलास तेव्हा त्या मशीनला गार्ड होता का? तो कधी डोळ्यांनी पाहिलास का? चाकं कोण आणायचं, बिल कुणाच्या नावावर व्हायचं? एकदा तरी कुणी ‘गार्डशिवाय चालवू नको’ म्हणालं का? जे साधन हातात दिलंच नाही, ते जाणूनबुजून काढल्याचा ठपका ठेवणं अवघड असतं.

शॉपमध्ये हे का करतात तेही सांगते, कारण वडिलांना वाटत असेल की पोरानं मस्ती केली. चार इंची चाक जाड पाइपात पूर्ण उतरत नाही, पाइप फिरवून फिरवून कापावा लागतो. शिवाय ते लवकर झिजतं. सात इंची मशीन महाग, जड, आणि बहुतेक छोट्या शॉपमध्ये एखादंच असतं. मग मोठं चाक छोट्या मशीनला लावलं की एका दमात काप होतो. वेळ वाचतो तो मालकाचा.

पण चाकाला तो वेग सोसत नाही. चार इंची मशीन मिनिटाला साधारण ११ हजार फेरे घेतं. सात इंची कटिंग चाकावर छापलेलं असतं : जास्तीत जास्त ८,५०० फेरे, कडेचा वेग सेकंदाला ८० मीटर. ११ हजार फेऱ्यांवर त्याच चाकाच्या कडेचा वेग सेकंदाला १०० मीटरच्या वर जातो, म्हणजे ताशी पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास. चाकाला बाहेर खेचणारा ताण वेगाच्या वर्गानं वाढतो, त्यामुळे वेग तीस टक्क्यांनी वाढला की ताण दीडपटीच्याही पुढं गेलेला असतो. शिवाय भोकाचा प्रश्न आहेच. चार इंची चाकाचं भोक १६ मिलिमीटरचं, सात इंचीचं २२ मिलिमीटरहून थोडं जास्त. मधली फट वायसर नाहीतर बुश घालून भरतात. चाक किंचित जरी मध्यावरून सरकलं तरी ते थरथरत फिरतं, आणि दीड-दोन मिलिमीटर जाडीच्या चाकाला ती थरथर पुरेशी असते.

त्या दिवशी नेमकं काय झालं असावं, तेही तुमच्या पत्रातून दिसतंय. पाइप दोन टेकूंवर आडवा ठेवून मधून कापत होता का, विचारा. तसं असेल तर काप संपत आला की पाइप स्वतःच्या वजनानं मध्ये खचतो, फट मिटते आणि चाक चिमटीत सापडतं. अडकलेलं चाक मशीनलाच उलटं फेकतं. हे इतक्या झटकन होतं की हात सावरायला वेळच मिळत नाही. कापून पडणारं टोक मोकळं लोंबत ठेवलं, तर फट मिटण्याऐवजी उघडत जाते. हे दहा मिनिटांत शिकवता येतं. पण शिकवायला कुणीतरी हवं, आणि पाइप आवळून धरायला शिकंजा (व्हाइस) हवा. तुमच्या भावाचा डावा हात जखमी झाला. ग्राइंडर दोन्ही हातांनी धरायचं यंत्र आहे, डावा हात बाजूच्या हँडलवर असतो. तो पाइपवर होता का, विचारा; असेल तर पाइप धरायला दुसरं काही नसावं. बाजूचं हँडल तरी मशीनला होतं का, तेही विचारून ठेवा.

हे सगळं भावाकडून कागदावर उतरवून घ्या. त्याच्याच शब्दांत, तारीख घालून. तो बोलत नसेल तर तुम्ही विचारा आणि तुम्हीच लिहा. एका बैठकीत होणार नाही, घाईही करू नका.

मग पुरावा. पहिल्यांदा दवाखान्याचा केसपेपर आणि डिस्चार्ज कार्ड काढून त्यावर अपघात कसा झाला म्हणून लिहिलंय ते वाचा. जखमीला घेऊन येणारा शॉपमधला माणूस कधीकधी ‘घरी काम करताना लागलं’ असं सांगून मोकळा होतो, आणि घाईत तेच नोंदलं जातं. तसं असेल तर डॉक्टरांना भेटून लेखी अर्ज द्या, भावाचं म्हणणं नोंदवायला सांगा. पगाराचे फोनवरचे व्यवहार बँकेच्या उताऱ्यासकट काढून ठेवा; तो तिथं कामाला होता हे सिद्ध करायला तेवढंही पुष्कळ होतं. शेजारी काम करणाऱ्या दोघातिघांची नावं लिहून ठेवा, मात्र आत्ताच त्यांच्याकडून सही-जबाब मागू नका. त्यांची चूल त्याच शॉपवर पेटते. आणि भावाचा फोन बघा. या वयाची पोरं ठिणग्यांचे व्हिडिओ काढून स्टेटसला ठेवतात. अपघाताच्या आधीचा असा एखादा व्हिडिओ निघाला, ज्यात त्याच शॉपमध्ये दुसराच कुणी बिनगार्डचा ग्राइंडर चालवतोय, तर त्याच्याइतका बोलका कागद दुसरा नाही.

मालकांना अपघाताची लेखी सूचना द्या. साधी, अर्ध्या पानाची, कुणावर आरोप न करता : अमुक तारखेला, अमुक काम करताना, अमुक इजा झाली, भरपाई मिळावी. स्पीड पोस्टानं पाठवा, पोचपावती जपा. दावा करायला अपघातापासून दोन वर्षांची मुदत असते. तुमचे दोनच महिने गेलेत, म्हणून घाबरून एक तारखेच्या आत काही उरकायची गरज नाही.

आता एक गोष्ट तुम्ही पत्रात लिहिलेली नाही आणि तिच्यावर बरंच अवलंबून आहे. शॉपमध्ये माणसं किती? कागदावर दाखवलेली नकोत, खरी सांगा. दहा किंवा जास्त असतील, तर कर्मचारी राज्य विमा, म्हणजे ईएसआय, लागू होतो, आणि २१ हजारांपर्यंत पगार असणारा प्रत्येक जण त्यात येतो. भावाच्या पगारातून महिन्याला १२० रुपये कापले जात होते का? ते ईएसआयचे. कापले जात नसतील तरी आशा सोडू नका. मालकानं नोंदणी टाळली असेल तर ईएसआय महामंडळ कामगाराला लाभ देऊन मालकाकडून वसूल करू शकतं. आणि तुमच्या दृष्टीनं मोठी गोष्ट ही, की ईएसआयमध्ये गार्डचा वाद जवळजवळ उरतच नाही. सूचना मोडून काम करताना लागलं, तरी ते काम मालकाच्या धंद्यासाठीच चाललं असेल तर तो कामावरचाच अपघात धरतात. कामावर जाता येत नाही त्या काळात पगाराच्या ९० टक्के रक्कम मिळते, आणि कायमच्या अपंगत्वाचं निवृत्तिवेतन वैद्यकीय मंडळ ठरवतं. कामावरच्या अपघाताला ‘इतके महिने वर्गणी भरलेली हवी’ अशी अटही नसते. मात्र ईएसआय लागू असेल तर मालकाकडून वेगळी भरपाई मागता येत नाही, दोन्हींपैकी एकच.

ईएसआय लागू नसेल तर भरपाई कायद्याचा हिशेब. तो मांडून दाखवते, म्हणजे ५० हजार म्हणजे किती ते वडिलांना कळेल. महिन्याचा पगार हिशेबासाठी जास्तीत जास्त १५ हजार धरतात. त्याचे ६० टक्के, नऊ हजार. त्याला कायद्याच्या कोष्टकातल्या वयानुसारच्या आकड्यानं गुणतात; २३ व्या वर्षाचा आकडा २१९.९५. गुणाकार १९ लाख ७९ हजार ५५०. तर्जनीची दोन पेरं गेली तर कमाईची क्षमता ११ टक्के घटली असं कायद्याचं परिशिष्ट मानतं. म्हणजे २ लाख १७ हजार ७५० रुपये, नुसत्या तर्जनीचे. मधल्या बोटाची शीर तुटून ते वळत नसेल तर त्याचे टक्के डॉक्टर वेगळे ठरवतील. उपचाराचा खरा खर्च वेगळा, आणि काम बंद असलेल्या काळाचा साधारण अर्धा पगारही वेगळा. महिन्याभरात पैसे दिले नाहीत तर १२ टक्के व्याज, आणि सबळ कारण नसताना टाळलं तर निम्म्यापर्यंत दंड होऊ शकतो.

हा १९२३ चा कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत गेलाय. चौकट तीच आहे. तुमच्या भावाच्या अपघाताची तारीख पाहून अर्ज कशाखाली करायचा ते वकील ठरवतील. वकिलाच्या फीची चिंता असेल तर कोल्हापूरच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, तिथं जा. औद्योगिक कामगाराला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, हे १९८७ च्या कायद्यात स्पष्ट आहे. ही सोय वापरणारे फार थोडे दिसतात, याचं मला नेहमी वाईट वाटतं.

भावकीचं काय करायचं? वडिलांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. लग्नकार्यात, बांधाच्या भानगडीत ज्यांच्याकडे उद्या जायचंय त्यांच्याशी कोर्टात भांडायला कुणालाच आवडत नाही. म्हणून आधी घरातल्या मोठ्या माणसाला बरोबर घेऊन मालकांना एक साधा प्रश्न विचारा : कामगारांच्या अपघाताची विमा पॉलिसी काढलीय का? बरेच छोटे कारखानदार काढतात, कारण मोठ्या कंपनीचं काम घेताना ती मागितली जाते. पॉलिसी असेल तर पैसे विमा कंपनी देईल, आणि तुमचं-त्यांचं वाकडं यायचं कारणच उरत नाही. उलट त्यांनीच दावा दाखल करायला मदत करायला हवी. त्यांनी आपसातच मिटवायचा आग्रह धरला तरी हरकत नाही. रक्कम वर मांडलेल्या हिशेबाच्या जवळपास हवी, आणि तो समझोता भरपाई आयुक्तांकडे, म्हणजे असे दावे ऐकणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, नोंदवलेला हवा. न नोंदवलेला कागद पुढं दोन्ही बाजूंना गोत्यात आणतो, हे मालकांनाही सांगा. दरम्यान औषधपाण्याचे पैसे ते देत असतील तर घ्या. पावतीवर रक्कम आणि ‘उपचारासाठी मिळाले’ एवढंच लिहून सही करा.

तुकड्याबद्दल विचारलंत. बर्फात थेट घालायला नको होता हे खरं. तुटलेलं बोट स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून, ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवायची. बर्फ थेट लागला की पेशी गोठून मरतात. पण तुमच्या घरात यावरून कुणी कुणाला बोल लावत असेल तर ते थांबवा. सुरीनं सरळ कापलेलं बोट आणि फुटलेल्या चाकानं चिंधड्या केलेलं बोट यात फार फरक असतो. ग्राइंडरच्या जखमेत शिरा आणि रक्तवाहिन्या इतक्या फाटतात की नीट आणलेला तुकडाही पुष्कळदा जोडता येत नाही. तुम्ही त्याला रक्त थांबवून वेळेत पोचवलंत. बोटाच्या टोकाला झिणझिण्या येणं, नसलेलं पेर दुखल्यासारखं वाटणं हे काही महिने चालतं. फिजिओथेरपी मात्र सुरू झाली नसेल तर या आठवड्यात सुरू करा. मधलं बोट आखडलं की मग सोडवायला फार त्रास होतो, आणि वेल्डरला डाव्या हाताची पकड हवीच.

राहिली एक तारीख. डॉक्टरांनी कामावर जायचा दाखला दिल्याशिवाय तो जाणार नाही, एवढं मालकांना कळवा. त्यासाठी दुसरं काही कारण द्यायला नको. आवाजानं दचकणं, रात्री झोप मोडणं, गप्प गप्प राहणं हे अशा अपघातानंतर खूप जणांना होतं. महिना उलटूनही कमी होत नसेल तर उपचार लागतात, आणि तुमचे दोन महिने झालेत. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. घरातून बोलायचं असेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. ‘पोरगं घाबरट निघालं’ असं कुणी म्हणालं तर त्याला तिथंच गप्प करा.

तो पुन्हा त्याच शॉपमध्ये गेला तर सुरुवातीला मार्किंग, फिटिंग, टॅक (वेल्डिंगचे तात्पुरते टाके) अशी कामं मागून घ्यावीत. ग्राइंडर हातात घ्यायची वेळ आली तर आधी पाहायचं : मशीनला तिच्या मापाचा गार्ड आणि बाजूचं हँडल आहे, चाकावरचे फेरे मशीनच्या फेऱ्यांपेक्षा कमी नाहीत, पाइप शिकंज्यात आहे. चाकाच्या भोकाभोवतीच्या पत्र्याच्या कडीवर महिना आणि वर्ष छापलेलं असतं, ती चाकाची शेवटची तारीख. ओल धरलेली जुनी चाकं स्वस्तात मिळतात, ती नकोत. नवं चाक चढवलं की मिनिटभर तोंड बाजूला करून मोकळं फिरवायचं. कापायच्या चाकाची बाजू घासायला वापरायची नाही. चष्मा आणि त्यावर तोंडाची ढाल. ढालीवरून आठवलं, डोळ्यात गेलेला लोखंडाचा कण सोबत्याच्या रुमालाच्या टोकानं काढून घ्यायची पद्धत सगळ्या शॉपमध्ये आहे. तो कण एका दिवसात बुबुळावर गंजाची कडी धरतो, आणि आत घुसला असेल तर वरून काही दिसतही नाही. अशा माणसानं डोळ्यांच्या डॉक्टरकडेच जावं, आणि डोळ्यात लोखंड असल्याची शंका असताना एमआरआय काढू देऊ नये.

यातलं काहीच मालक पुरवणार नसतील, तर भावानं दुसरीकडे काम शोधावं. कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतींत, शिरोलीत, गोकुळ शिरगावात वेल्डरला काम मिळतं. भरपाईचा दावा त्यासाठी थांबत नाही. नोकरी सोडली तरी तो चालू राहतो. ईएसआयबद्दल माणसांचा खरा आकडा कळला की मला पुन्हा लिहा, आणि केसपेपरवर काय लिहिलंय तेही कळवा.